धडक झाली की नाही?

समजा, एक ड्रायव्हर पुण्यात कोथरूडला आपल्या खोलीत बसला आहे आणि दुसरा सिंगापूरमध्ये. दोघांच्या हातात टेबलाला घट्ट आवळलेलं स्टीअरिंग, पायाशी पेडल आणि समोरच्या पडद्यावर इटलीतला मोन्झाचा ट्रॅक. पहिल्या वळणावर दोघं शेजारी शेजारी येतात. पुणेकराच्या पडद्यावर सिंगापूरची गाडी थेट त्याच्या दारावर आदळते. सिंगापूरकराच्या पडद्यावर मात्र दोन गाड्यांमध्ये चांगलं हातभर अंतर आहे. शर्यत संपल्यावर दोघंही आपापलं रेकॉर्डिंग पुढे करतात. दोन्ही अस्सल आहेत, कुणीही त्यात हात घातलेला नाही. मग धडक झाली की नाही? आणि झाली असेल तर दंड कुणाला करायचा?

सिम रेसिंगमध्ये, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या हुबेहूब गाड्यांच्या शर्यतींमध्ये, हा प्रश्न सारखा उभा राहतो. लेझरनं सेंटिमीटर न् सेंटिमीटर मोजून उतरवलेले ट्रॅक, टायरचं तापमान, पेट्रोल संपत जाईल तशी हलकी होत जाणारी गाडी, हे सगळं थक्क करणारं आहेच. पण दिवसा नोकरी करून रात्री दहाला शर्यतीला बसणाऱ्या हौशी मंडळींनी या खेळात न्याय कसा उभा केला, ते मला त्याहून विलक्षण वाटतं.

आधी हे दुहेरी सत्य येतं कुठून ते पाहू. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर. म्हणजे वाटेत एकही यंत्र आडवं आलं नाही, तरी निरोप जाऊन यायला ३९ मिलिसेकंद लागणारच. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. पण ताशी २०० किलोमीटर वेगाची गाडी तेवढ्यात दोन मीटरहून पुढे गेलेली असते! प्रत्यक्षात वाटेतले राउटर, घरचं वायफाय, बाजूच्या खोलीत कुणी सिनेमा बघत असेल तर तो, असं सगळं मिळून हा आकडा सहज १०० च्या घरात जातो. १०० मिलिसेकंदांत हीच गाडी साडेपाच मीटर कापते. जीटी३ गटातल्या गाडीची लांबीच साधारण साडेचार मीटर. थोडक्यात, समोरच्या गाडीची जागा म्हणून जी माहिती तुमच्यापर्यंत पोचते, ती एका अख्ख्या गाडीएवढी शिळी झालेली असू शकते.

मग पडद्यावर ती गाडी इतकी सुरळीत कशी धावते? कारण तुम्हाला दिसते ती त्या गाडीबद्दलची भविष्यवाणी. तिचा शेवटचा माहीत असलेला वेग, दिशा आणि वळण्याचा दर घेऊन तुमचा संगणक हिशेब मांडतो: एवढ्यात ती इथे पोचली असेल. नवा निरोप आला की अंदाज गुपचूप दुरुस्त करतो आणि पुढचा अंदाज बांधतो. हे सेकंदाला कित्येक वेळा चालू असतं. सरळ रस्त्यावर अंदाज चुकायला फारसा वाव नसतो. पण ब्रेक मारण्याच्या क्षणी? तिकडच्यानं नेहमीपेक्षा दहा मीटर आधी ब्रेक दाबला, तर ती बातमी येईपर्यंत तुमचा संगणक त्याची गाडी त्याच जुन्या वेगानं पुढे रेटत राहतो. दोन गाड्या एकमेकींना खेटून असतील, तर तेवढ्या फरकात एकाच्या पडद्यावर धडक होते आणि दुसऱ्याच्या नाही.

यातली गंमत अशी की वीस जणांच्या शर्यतीत प्रत्यक्षात वीस शर्यती चालू असतात. प्रत्येकाच्या पडद्यावर त्याची स्वतःची गाडी तेवढी वर्तमानात असते, बाकीच्या एकोणीस अंदाजात. आणि या वीस थोड्या थोड्या वेगळ्या शर्यतींमधून एकच निकाल, एकच विजेता आणि सर्वांना पटेल असा न्याय काढायचा असतो.

अडचण इथेच संपत नाही. खऱ्या ट्रॅकवर नियमपुस्तकाच्या आधी भीती काम करते. हाड मोडेल, गाडी भंगारात जाईल, स्पॉन्सर पाठ फिरवेल. खोलीत बसून धडकलात तर काय होतं? एक बटण दाबलं की गाडी पुन्हा कोरी करकरीत.

भीती गेली की माणूस काय करू शकतो, याचं सगळ्यात झणझणीत उदाहरण खऱ्या ट्रॅकवरच घडलं. ३० ऑक्टोबर २०२२, अमेरिकेतली नॅसकार मालिका, मार्टिन्सव्हिलचा छोटा लंबगोल ट्रॅक. शेवटच्या लॅपमध्ये रॉस चेस्टेन दहाव्या क्रमांकावर होता आणि विजेतेपदाच्या अंतिम फेरीत जायला त्याला आणखी काही जागा हव्या होत्या. त्यानं वळणावर ब्रेक मारलाच नाही. वरचा गिअर टाकला, गाडी बाहेरच्या भिंतीला टेकवली आणि ॲक्सिलरेटर दाबून धरला. भिंतच त्याची गाडी वळवत गेली! बाकीचे रीतसर ब्रेक मारत असताना हा भिंतीला घासत पाच गाड्या मागे टाकून पाचवा आला. त्या लॅपची वेळ १८.८४५ सेकंद, असल्या गाडीनं त्या ट्रॅकवर काढलेली सर्वांत वेगवान. हे सुचलं कुठून, असं विचारल्यावर त्यानं सांगितलं की लहानपणी गेमक्यूबवर नॅसकारचा व्हिडिओ गेम खेळताना असं करायचो. पुढच्या हंगामाच्या आधी, जानेवारी २०२३ मध्ये, नॅसकारनं जाहीर केलं की यापुढे असं केल्यास दंड होईल. चेस्टेनच्या त्या एका लॅपनं दाखवून दिलं, की बहुतेकांना ब्रेक मारायला लावणारी गोष्ट नियमपुस्तक नव्हतीच. ती भीती होती.

मग जिथे भीतीच नाही, तिथे ब्रेक कोण मारायला लावणार?

याचं एक उत्तर अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये तयार झालं. १९८९ साली 'इंडियानापोलिस ५००: द सिम्युलेशन' बनवणाऱ्या पपायरस कंपनीच्या संस्थापकांपैकी एक डेव्ह केमर. त्यानं जॉन हेन्रीबरोबर, म्हणजे पुढे लिव्हरपूल फुटबॉल क्लबचा मालक झालेल्या त्याच हेन्रीबरोबर, २००४ मध्ये आयरेसिंग नावाची कंपनी काढली. २००८ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. पहिली अट अशी की टोपणनाव चालणार नाही, खऱ्या नावानं उतरायचं. आणि दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येकाच्या नावापुढे एक हिशेबाची वही.

ही वही जवळून बघण्यासारखी आहे. चाकं ट्रॅकबाहेर गेली, १ गुण. गाडीवरचा ताबा सुटला, २ गुण. दुसऱ्या गाडीला जोरात धडकलात, ४ गुण. गुण म्हणजे इथे डाग, जितके कमी तितकं बरं. सगळं एका झटक्यात घडलं तर बेरीज होत नाही, सर्वांत मोठा आकडा धरला जातो. समजा तुमचं मागचं चाक गवतावर गेलं, गाडी गर्रकन फिरली आणि मागून येणारा येऊन आदळला: १, मग २, मग ४, पण वहीत ४ च. बऱ्याच शर्यतींत १७ डागांना थेट बाहेरचा रस्ता, असा दंडक वर्षानुवर्षं होता.

आता खरा चमत्कार. धडक झाली की यंत्र चूक कुणाची हे बघतच नाही. धडकणारा आणि धडक खाणारा, दोघांनाही सारखेच ४ गुण!

पहिल्यांदा ऐकल्यावर हे सरळसरळ अन्यायाचं वाटतं. मी बिचारा माझ्या रेषेतून चाललोय, मागून कुणी वेडा येऊन ठोकतो आणि डाग मलाही? पण थोडं थांबून विचार करा. दोष ठरवायला एकच खरं चित्र लागतं आणि इथे तर वीस चित्रं आहेत. शिवाय सुरक्षिततेचं मानांकन एका शर्यतीवर ठरत नाही. किती वळणांमागे किती डाग, असा तो हिशेब असतो, अलीकडच्या शेकडो वळणांचा. मोजमाप वळणांत ठेवण्यातही केवढी समज आहे! धोका असतो तो वळणावरच, मग मिनिटं आणि किलोमीटर मोजून काय करायचं? शेकडो वळणांत नशिबाचे फटके सर्वांनाच थोडेफार बसतात आणि एकमेकांत जिरून जातात. उरतं ते माणसाचं वळण. जो नेहमीच दुसऱ्याच्या अपघाताच्या जवळपास सापडतो, त्याच्या वहीत ते दिसतंच.

आणि याचा ड्रायव्हरवर परिणाम काय होतो? जागा हक्काची असली, तरी समोरचा वेड्यासारखा घुसतोय असं दिसलं की तो थोडी वाट मोकळी करतो. कारण बरोबर असूनही ४ डाग लागणार आहेत. नव्या सभासदाला 'रूकी' परवाना मिळतो. वही स्वच्छ ठेवली तरच तो डी, सी, बी, ए असा वर चढतो आणि अधिक वेगवान गाड्या हाती येतात. वेगाचा इथे काहीही संबंध नाही, शेवटचा येत राहूनही माणूस परवाना वाढवू शकतो. मोडणारं हाड नव्हतं, तर यांनी मोडू शकेल असा एक आकडा तयार केला. आणि माणसं त्या आकड्याला खरोखर जपतात!

वेगासाठी दुसरा, स्वतंत्र आकडा असतो. त्याचं मूळ बुद्धिबळात आहे. हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारे आर्पाद एलो यांची मानांकन पद्धत जागतिक बुद्धिबळ संघटनेनं १९७० मध्ये स्वीकारली. नागपूरच्या दिव्या देशमुखच्या नावापुढे जो आकडा लिहितात, तो याच पद्धतीचा. बलाढ्याला हरवलंत तर भरपूर गुण, दुबळ्याकडून हरलात तर मोठा फटका. पण बुद्धिबळात समोर एकच जण असतो, शर्यतीत एकोणीस. मग? शर्यतीकडे बऱ्याच सामन्यांचं गाठोडं म्हणून बघायचं. तुमच्या मागे राहिलेल्या प्रत्येकाविरुद्ध तुम्ही जिंकलात, पुढे गेलेल्या प्रत्येकाकडून हरलात. वीस गाड्यांची एक शर्यत म्हणजे एकदम १९० सामने! या आकड्यावरून साधारण सारख्या ताकदीचे ड्रायव्हर एका शर्यतीत टाकले जातात. म्हणून बाराव्या क्रमांकासाठीही जीव तोडून झुंज होते.

जपानी 'ग्रान तुरिस्मो स्पोर्ट'नं २०१७ मध्ये आणखी एक साधी गोष्ट केली. ऑनलाइन शर्यतीचं दार उघडण्याआधी ट्रॅकवरच्या शिष्टाचाराचे दोन छोटे व्हिडिओ पाहणं सक्तीचं केलं. लाखो खेळाडूंनी, त्यातली कितीतरी शाळकरी मुलं, गाडी ओलांडताना जागा कशी सोडायची याचा धडा घेऊन मगच शर्यतीत पाऊल टाकलं.

पण हौशी लीगचं काय? तिथे हंगाम म्हणजे आठ-दहा संध्याकाळी. सरासरीला न्याय करायला शेकडो वळणांचा अवकाश हवा असतो, इथे एका धडकेत विजेतेपद जातं. त्यामुळे इथे माणसं बसवावी लागतात. त्यांना स्टुअर्ड म्हणतात. पगार नाही, कौतुक क्वचित, आणि बहुतेक वेळा ते त्याच लीगमध्ये स्वतः गाडी चालवत असतात. गल्ली क्रिकेटमध्ये बॅटिंग करणाऱ्या टीमनंच अंपायर द्यायचा असतो ना, तसंच. फरक एवढाच की ज्याची स्वतःची गाडी त्या प्रकरणात असेल, तो स्टुअर्ड त्या निकालापुरता बाजूला बसतो.

तक्रार करण्याची रीतही विचारपूर्वक ठरवलेली असते. अनेक लीगमध्ये शर्यत संपल्या संपल्या तक्रार घेतच नाहीत. काही तास जाऊ द्यायचे, डोकं थंड होऊ द्यायचं, मग लॅप क्रमांक आणि वळण सांगून लिहायचं. त्या काही तासांत किती तक्रारी आपोआप विरघळून जात असतील!

उरलेल्यांपैकी एक तक्रार उघडून पाहू. मोन्झाच्या सुरुवातीच्या सरळ रस्त्यावरून गाड्या ताशी अडीचशेच्या वर वेगानं येतात आणि पहिल्या वळणासाठी थेट दुसऱ्या गिअरवर उतरतात. आतल्या बाजूनं मागची गाडी घुसली, टक्कर झाली, बाहेरची फिरली. स्टुअर्ड रिप्ले थांबवतो तो टकरीच्या क्षणी नाही, त्याच्या सेकंदभर आधी, ब्रेक लागण्याच्या जागेवर. आतल्याचं पुढचं चाक बाहेरच्या गाडीच्या कुठे आहे? मागच्या बंपरपाशी असेल तर त्याला तिथे जागा मागण्याचा हक्कच पोचत नाही. आरशापर्यंत आलं असेल तर बाहेरच्यानं त्याच्यासाठी एका गाडीची रुंदी सोडायला हवी होती. मग आधीच्या लॅपशी तुलना: हा रोज शंभर मीटरच्या पाटीला ब्रेक मारतो, आज ऐंशीला मारलाय का? धडक झाली नसती, तर तो ट्रॅकवर राहून वळण पूर्ण करू शकला असता का? की समोरच्या गाडीलाच भिंत समजून आला? आणि मग तोच क्षण दोन्ही ड्रायव्हरांच्या रेकॉर्डिंगमधून. एकात धडक आणि दुसऱ्यात अंतर दिसत असेल, तर दोष दोघांनाही न देता 'नेटचा घोळ' असं लिहून प्रकरण मिटतं. त्यातूनही मुरलेले स्टुअर्ड एक प्रश्न विचारतातच: पलीकडच्याचं कनेक्शन उड्या मारतंय हे दिसत असताना इतकं खेटून जायचं कशाला? चांगल्या लीगमध्ये निकाल कारणांसकट लिहून देतात आणि तीच कारणं पुढच्या हंगामात नियम म्हणून छापली जातात.

गाडी कोण चालवतंय, हा तर त्याहून अवघड प्रश्न. २३ मे २०२०, जग घरात कोंडलेलं. फॉर्म्युला ई या विजेवरच्या गाड्यांच्या मालिकेचे खरे ड्रायव्हर युनिसेफला मदत म्हणून घरून शर्यती खेळत होते. त्या दिवशीचा ट्रॅक बर्लिनच्या जुन्या टेम्पेलहॉफ विमानतळावरचा. ऑडीचा डॅनियल ॲब्ट, एरवी मागे राहणारा, चक्क तिसरा आला. व्हिडिओ कॉलवर मात्र त्याचा चेहरा नीट दिसत नव्हता. प्रतिस्पर्ध्यांना शंका आली, आयोजकांनी आयपी पत्ते तपासले आणि उलगडा झाला: गाडी चालवत होता एक व्यावसायिक सिम रेसर! ॲब्टला बाद केलं, दहा हजार युरो समाजकार्याला द्यायला लावले आणि ऑडीनं त्याला निलंबित केलं. खोटी गाडी, खोटा ट्रॅक, आणि नोकरी गेली ती खरी. त्याच ऑगस्टमध्ये तो टेम्पेलहॉफच्या खऱ्या ट्रॅकवर उतरला, पण दुसऱ्याच संघाकडून.

मला यात ॲब्टच्या शिक्षेपेक्षा प्रतिस्पर्ध्यांचे डोळे थोर वाटतात. सोबत नेहमी धावणाऱ्यांना वळण घेण्याच्या लकबीवरून माणूस ओळखू येतो.

चढाओढ बरोबरीची राहावी म्हणूनही लीगवाले काय काय करतात! काही ठिकाणी सर्वांना एकसारखा बंद सेटअप मिळतो: स्प्रिंग, पंख, टायरमधली हवा, कशालाही हात लावायचा नाही. काही लीग विजेत्याच्या गाडीत पुढच्या फेरीला वजन टाकतात. हे किलो कुठेच नसतात, कुणी उचलत नाही. तरी त्यांच्यामुळे टायर लवकर झिजतो, ब्रेक मारण्याची जागा काही मीटर अलीकडे येते आणि विजेत्याचे हात भरून येतात. आणि हंगामातले सर्वांत वाईट एक-दोन निकाल गुणतक्त्यातून वगळायचे, हा नियम तर जणू आपल्याकडच्यांसाठीच आहे. शेवटच्या लॅपला लाईट गेली, तर महावितरणविरुद्ध दाद कुठल्या स्टुअर्डकडे मागणार?

या सगळ्या कलमांत माझं आवडतं कलम मात्र दोन ओळींचं असतं. तुमच्या धक्क्यानं कुणी मागे पडला आणि तुम्ही पुढे गेलात, तर जागा परत द्या. रेषेच्या बाहेर या, वेग कमी करा, त्याला पुढे जाऊ द्या. एवढं केलंत तर बहुतेक ठिकाणी दंड कमी होतो किंवा माफही होतो. इथे रिप्ले लागत नाही, आयपी पत्ता लागत नाही, दोष किती टक्के कुणाचा हेही ठरवावं लागत नाही. ज्याच्यामुळे नुकसान झालं, तोच दहा सेकंदांत ते भरून काढतो, शर्यत चालू असतानाच. मात्र थांबायचं ते जपून, मागून झुंड येत असते. आणि वाट बघताना तिसराच कुणी सटकन पुढे निघून गेला, तर ती जागा गेली. ती मिळवायची तर पुढच्या लॅपला त्याच्या मागे लागा आणि नीट, न धडकता ओलांडा.